मॅडलिन मॅकॅन: आईवडिलांवरचा संशय
पोर्तुगालमधल्या प्राया दा लुझ गावात सुट्टीवर असताना हरवलेल्या मॅडलिन या ब्रिटिश चिमुरडीबद्दल काही जण म्हणतात की पोलिसांच्या कुत्र्यांना भाड्याच्या गाडीत मृतदेहाचा वास आला म्हणजे आईवडीलच दोषी, पण अहो ती रेनॉ गाडी त्यांनी घेतलीच मुळी पोरगी ३ मे २००७ ला गायब झाल्यावर तीनेक आठवड्यांनी, तेव्हा जगभरचे कॅमेरे दारात, मग त्यांनी नेमकं काय आणि कसं हलवलं म्हणे? डीएनएही ठोस निघाला नाही, २००८ मध्ये पोर्तुगालने त्यांना संशयितांच्या यादीतून काढलं. पोरांना झोपवून जेवायला गेले ते मला अजून पटत नाही, पण निष्काळजी वेगळं आणि खुनी वेगळं ना. ख्रिश्चन ब्रुकनर या जर्मन माणसाचंही तसंच, २०२० पासून संशयित म्हणतायत, २००५ च्या त्याच गावातल्या बलात्काराची शिक्षा भोगून २०२५ मध्ये सुटला, तोवर या केसमध्ये आरोपपत्र काही आलं नाही.