450 व्होल्टचा चार्ज कंट्रोलर सगळ्यांनाच कशाला?

निफाडचा द्राक्षवाला
काल एकाने इथे टाकलंय की सोलरचे 150 व्होल्टचे चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला बेतून देणारा डबा, आकडा म्हणजे तो पॅनलचं जास्तीत जास्त किती व्होल्टेज झेलतो ते) भंगारात घाला, आता 450 वालाच घ्या, वायर बारीक लागते न लॉस होत नाही. डोळे झाकून असं कसं सांगता लोकांना? माझे पॅनल बॅटरीपासून पंधरा मीटरवर, 540 वॉटचे 6, दोन-दोन सिरीजमध्ये (एकामागे एक, म्हणजे व्होल्टेजची बेरीज होते), बॅटरी 48 व्होल्टची. बारीक वायरीने माझं काय वाचणार? सहाही सिरीजमध्ये घेऊन अडीचशे व्होल्ट पन्नासवर उतरवायचे तर आत जास्त व्होल्टेजचे मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लागतात, त्यांचा रेझिस्टन्स जास्त, स्विचिंग लॉस जास्त. चांगला 150 वाला 98 टक्क्यांपर्यंत जातो, मोठे बरेचसे 94-96 ला अडकतात. वायरीत वाचवायचं आणि डब्यात गरम करून घालवायचं.

सिन्नरकर
ती पोस्ट माझीच. तुमचे पंधरा मीटर असतील हो, माझे पॅनल विहिरीवर, घरापासून 80 मीटर. तुमच्यासारखी जोडणी केली तर 39 अँपिअर, 10 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकून पण साडेचारशे वॉट वायरीतच जळतात. सहाही सिरीजमध्ये घेतले की 13 अँपिअर, 4 स्क्वेअरमध्ये सव्वाशे-दीडशे वॉटवर भागतं. तुमच्या दोन टक्क्यांचं काय लोणचं घालू? आणि दोनच्या सिरीजमध्ये एका पॅनलवर झाडाची सावली पूर्ण पडली की उरतात 41 व्होल्ट, त्यावर 48 ची बॅटरी चार्जच होत नाही, अख्खी जोडी बसली.

ओझरहून
थंडीचं कोणीच बोलेना. आमच्याकडे फिटरने 150 च्या कंट्रोलरला तीन पॅनल सिरीजमध्ये दिले, पॅनलवर 49.5 व्होल्ट (लोड नसतानाचं) लिहिलंय, तिनाचे 148.5, बसतंय म्हणाला. जानेवारीत पहाटे आम्ही बागेत शेकोट्या पेटवत होतो, पारा 5 च्या आसपास, ऊन पडलं आणि कंट्रोलर गेला. पॅनल गार असला की व्होल्टेज वाढतं, 25 वरून 5 डिग्रीला पाच-सहा टक्के, म्हणजे 157. वॉरंटी पण नाकारली. या फिटर लोकांना परवाना कोण देतं?

सातपूरचा वायरमन
सगळे फिटर एका माळेत ओवू नका, बावीस वर्षं हेच काम करतोय. कोटेशनमध्ये डीसी एमसीबी (पॅनलच्या डीसी विजेसाठीचा, बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) धरला की गिऱ्हाईक म्हणतं घरात जुना पडलाय तोच लाव. तो असतो एसीचा. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसी येतच नाही, अडीचशे व्होल्टचा आर्क (सलग पेटती ठिणगी) पेटला की तुटेपर्यंत जळतो. मी स्वतः विझवलाय असा एक बॉक्स, शेजारी कडब्याची गंजी होती. पैसे वाचवायचे तुम्ही आणि नाव वायरमनचं?

ओझरहून
मी एक पैसा कमी केला नव्हता. तुम्ही होतात का तिथे? उगाच अंगावर येऊ नका.

सातपूरचा वायरमन
अंगावर तुम्ही आलात. तुमच्या फिटरची चूकच झाली, ती मान्य. पण परवान्याचं बोलून सगळ्यांची अब्रू काढता. आणि 450 वाल्यांनो, डीसी एमसीबी घेतला तरी संपलं नाही, बऱ्याच एमसीबींवर + - असतं, वायर उलटी बसली तर आर्क तो विझवणाऱ्या चेंबरऐवजी भलतीकडे ढकलला जातो.

निफाडचा द्राक्षवाला
भांडण बाजूला ठेवा. सिन्नरकर, 80 मीटरला तुमचं बरोबर, तेवढं मानतो. सावलीचंही खरंय, माझ्याकडे आंबा आहे, चारनंतर एक जोडी मरते. पण पोस्टमध्ये 'सगळ्यांनी' लिहिलंत ते काढा. घराच्या गच्चीवर दहा मीटरसाठी कोणी अडीचशे व्होल्ट डीसी खेळवू नये, पोरंबाळं असतात वर.

सिन्नरकर
काढतो. अंतर आणि थंडीचं व्होल्टेज बघून ठरवा असं लिहितो. पण लांबच्या शेतासाठी मत बदलणार नाही.
वायरमन भाऊ, आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. एमसीबीवर + आहे आणि लाल वायर दुसऱ्याच बाजूला बसवलीय.

सातपूरचा वायरमन
आता रात्र आहे तोवरच एमसीबी पाडून (बंद करून) ठेवा, ऊन असताना त्याला हात लावू नका. उद्या उजाडायच्या आत येतो.