कोटीची गाडी आणि सिलिंडर चारच?

वळणवेडा, सातारा

गेल्या रविवारी पहाटे यवतेश्वरच्या घाटात मित्राच्या नव्या, चार सिलिंडरच्या (सिलिंडर म्हणजे इंजिनात पेट्रोल पेटतं ती नळकांडी) टू-सीटरमध्ये बसलो. कंपनीचं नाव घेत नाही, दोस्ती टिकवायची आहे. समर्थ मंदिर मागं पडलं, चढ लागला, गड्यानं रेस दिली आणि गाडी अशी उसळली की पोटात गोळा आला. पण आवाज? सायलेन्सर फुटलेली माझी जुनी हॅचबॅक आणि ही, डोळे मिटून ऐकलं तर सख्ख्या बहिणी.

माझं म्हणणं सरळ आहे. कोटभर रुपये मोजणारा माणूस पोचायचे पैसे देत नाही. पोचवायला एसटी आहे. तो इंजिनाचे पैसे देतो. मर्सिडीज-एएमजीची सी ६३ बघा. आधी चार लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, होतं. २०२२ ला दोन लिटरचं चार सिलिंडर आणलं आणि मागच्या चाकांकडं इलेक्ट्रिक मोटर. कागदावर ५१० अश्वशक्तीचे ६८० झाले, पण वजन दोन टनांच्या वर गेलं. पोर्शनं २०१६ ला केमन आणि बॉक्स्टरमधलं सहा सिलिंडरचं इंजिन काढून टर्बोवालं (धुराच्या जोरावर आत जादा हवा कोंबणारं) चार सिलिंडरचं बसवलं, आणि २०२० ला त्यांच्याच जीटीएस मॉडेलमध्ये परत चार लिटरचं सहा सिलिंडर आणलं. चूक कळल्याशिवाय कोण असं मागं येतं?

द्राक्षबागवाला, तासगाव

आवो, आमचा ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा हाय. उसाच्या दोन ट्रॉल्या लावून चढ चढतोय. तुमाला चार बी कमी पडाया लागली व्हय?

वळणवेडा, सातारा

दादा, ट्रॅक्टरला कुणी आवाजासाठी घेत नाही.

द्राक्षबागवाला, तासगाव

कोण म्हनलं? गावात येऊन बघा एकदा. निम्मी पोरं ट्रॅक्टरवर डेक लावून हिंडत्यात.

कुपवाडचा मिस्त्री

अश्वशक्तीवरून भांडू नका, फायरिंगवरून भांडा. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणजे चार असतील तर दर १८० अंशांना एक ठोका, सहाला १२० अंशांवर, आठला ९० वर. ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना, चारवालं इंजिन सेकंदाला १०० ठोके देतं, आठवालं २००. ठोके जवळजवळ आले की कानाला सलग सूर लागतो, लांब पडले की भडभड.

दुसरं, सरळ रांगेतल्या चार सिलिंडरला एक जन्मजात खोड आहे. दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, वरवर तोल साधतो. पण कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळं क्रँकच्या वरच्या अर्ध्या फेरीत पिस्टन जास्त अंतर कापतो, खालच्या अर्ध्या फेरीत कमी. त्या फरकाची थरथर एका फेरीला दोनदा येते आणि इंजिन मोठं केलं की वाढते. पोर्शनं ९४४ मध्ये अडीच लिटरच्या चार सिलिंडरला दोन बॅलन्स शाफ्ट, म्हणजे थरथर मारणारे फिरते दांडे, बसवले ते यासाठीच, आणि त्याच्या पेटंटचा परवाना मित्सुबिशीकडून घ्यावा लागला. सरळ सहाला ही खोडच नाही. माझी हयात क्रँक घासण्यात गेली, मला बॉनेटवर तळहात ठेवला की पुरतं.

जाता जाता, केमनचं इंजिन आडवं, पिस्टन समोरासमोर. तिथं ही थरथर जवळपास नाहीच. त्याचं दुखणं आवाजाचं आहे, तोलाचं नाही.

जुनं ते सोनं, कराड

मिस्त्रीकाका, शास्त्र बरोबर, पण इतिहास उलटं सांगतो. १९८३ ला नेल्सन पिके फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला तो दीड लिटरच्या, चार सिलिंडरच्या बीएमडब्ल्यू टर्बोवर. त्या इंजिनाचा ब्लॉक बाजारातल्या साध्या गाडीच्याच घराण्यातला, ओतीव लोखंडाचा. १९८६ ची बीएमडब्ल्यूची पहिली एम३? २.३ लिटर, चार सिलिंडर. आज तिच्या नावानं लोक उसासे टाकतात. पोर्शची रेसची ९१९ हायब्रिड २०१५, १६, १७ अशी सलग तीन वर्षं ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली, तिच्यातही दोन लिटरचं व्ही-४. आणि पोर्शची पहिली मालिका, ३५६, तीही चारचीच. मग चार सिलिंडर म्हणजे घराण्याला बट्टा कसा?

वळणवेडा, सातारा

रेसची गाडी जिंकण्यासाठी असते, तिथं गवताच्या पेंढीवर पळत असली तरी चालेल. आणि पहिल्या एम३ चं वजन साधारण बाराशे किलो. तिला चार शोभतात.

सीए, विश्रामबाग

भावनेत हिशेब विसरू नका. आपल्याकडं सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीच्या वरच्या पेट्रोल गाडीला जीएसटी सरसकट ४० टक्के. दोन लिटर घ्या नाहीतर चार, करात पैचा फरक नाही. दोन लिटरचं प्रेम बाहेरून आलंय. चीनमध्ये उपभोग कर सीसीवर आहे, दीड ते दोन लिटरला ५ टक्के आणि चार लिटरच्या वर थेट ४०. युरोपात कंपनीच्या सगळ्या गाड्यांचा सरासरी कार्बन मर्यादेबाहेर गेला की ग्रॅममागं, आणि तोही प्रत्येक गाडीमागं, ९५ युरो दंड. प्लग-इन हायब्रिड, म्हणजे इंजिनासोबत चार्ज करायची बॅटरी असलेली गाडी, चाचणीत अगदी कमी धूर दाखवते. हिशेब त्यांचा, आणि थरथर आपल्या बुडाखाली.

घाटमाथा, महाबळेश्वर

टर्बोची एक बाजू कुणीच मांडली नाही. आमच्याकडं साडेतेरा-चौदाशे मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा बारा-तेरा टक्के विरळ. बिनटर्बोचं मोठं इंजिन तेवढी ताकद घाटातच ठेवून येतं, टर्बो कॉम्प्रेसर जास्त फिरवून भरपाई करतो. शिवाय केमनचे आकडे बघा. जुन्या २.७ लिटरच्या सहा सिलिंडरला २९० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवायचा जोर) होता, तोही ४५०० आरपीएमला. नव्या दोन लिटरला ३८०, आणि १९५० लाच हजर. पसरणीच्या वळणातून बाहेर पडताना यातलं काय कामी येतं ते गाडी चालवणाऱ्यानं सांगावं, शेजारच्या सीटवर बसून कान टवकारणाऱ्यानं नव्हे.

वळणवेडा, सातारा

शेजारी बसणारा मीच ना? कळलं बरं.

तारवाली, मिरज

आमच्या घरात तंबोरे बनतात म्हणून बोलते, गाड्यांतलं मला अर्धंच कळतं. तंबोऱ्याला ताराच चार असतात. त्याला अजून कुणी गरीब म्हटलेलं ऐकलं नाही. सगळा खेळ जवारीचा, म्हणजे घोडीवर तार टेकते तिथल्या घासणीचा. घोडीचा माथा कानसाच्या दोन फिरक्या जास्त घासला गेला तर तीच तार मुकी होते. तुमच्या मित्राच्या गाडीची जवारी लागलेली नाही, एवढंच. टर्बोतून जाताना धुराचा जोर आणि आवाज दोन्ही मरतात असं माझा भाऊ सांगतो. मग पुढं नळ्या कशा वळवल्या, कुठं जोडल्या, यावर उरलेला सूर ठरत असणार. होंडाच्या एस२००० ला चारच सिलिंडर होते ना? टर्बो नाही, ९००० आरपीएमपर्यंत चढायची. भाऊ तिचे व्हिडिओ लावून बसतो, मलाही ऐकावंसं वाटतं.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आता कित्येक गाड्यांत इंजिनाचा आवाज स्पीकरमधून सोडतात. रियाजाला इलेक्ट्रॉनिक तंबोरा ठीक आहे, आमच्याही घरी आहे. पण भोपळ्याच्या तंबोऱ्याचे पैसे घेऊन आत ते डबडं लपवलं तर त्याला मिरजेत फसवणूक म्हणतात.

कुपवाडचा मिस्त्री

ताई, काय बोललात! भावाला वर्कशॉपला पाठवून द्या.

वळणवेडा, सातारा

स्पीकरचं ऐकून मी अजूनच पेटलोय, पण जवारीपुढं माझं काही चालत नाही. तर थोडी माघार घेतो. अल्पिन ए११० सारखी साधारण अकराशे किलोची गाडी असेल, तर १.८ लिटरचे चार सिलिंडर मंजूर. उलट तिथं सहा सिलिंडरचं धूड नाकावर नाहीतर बुडावर ठेवणं हाच गाढवपणा होईल. पण दोन टनांची सेडान, तिला चार सिलिंडर, आणि ते कमी पडतात म्हणून बॅटरी, आणि बॅटरीनं वजन वाढलं म्हणून आणखी ताकद, हे मला अजिबात मान्य नाही. दीड टनाच्या आत चार सिलिंडर, त्याच्या वर सहा. माझ्यापुरता कायदा.

जुनं ते सोनं, कराड

मग काय, शोरूममधून निघालेली गाडी आधी कारखान्याच्या काट्यावर न्यायची?

द्राक्षबागवाला, तासगाव

तिथं नका नेऊ. दोन टनाची गाडी दीडच टन भरंल, आन् ह्यो गडी चार सिलिंडर मंजूर करून मोकळा हुईल.