मोहर्लीजवळ ४० × १२ फुटी स्टॅटिक कॅराव्हान: आतला नकाशा कसा पाडावा?

बांधावरचा_साग
राम राम मंडळी. ताडोबाच्या जंगलाशी, मोहर्लीच्या अलीकडे, भद्रावती तालुक्यात, शेतात पाहुण्यांसाठी एक तयार घर ठेवायचं आहे. इंग्लंडात समुद्रकाठी ठेवतात तसं: खाली चासी (लोखंडी सांगाडा), चाकं नावापुरती. बाहेरून ४० × १२ फूट. फॅब्रिकेटरने तिकडचाच नकाशा पुढे केला आहे. एका टोकाला तीन बाजूंनी काचेचा हॉल, मग किचन, मग मधोमध बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना बेडरूम-बाथरूम. भिंतींना व्हिनाइल वॉलपेपर. तलाव पश्चिमेला आहे म्हणून काचेचं टोक पश्चिमेला. जमीन काळी. माणसं ४, कधी ६. यात काय बदलावं? आणि कूलर पुरेल की एसीच लागेल?

ओसरी_आधी
भाऊ, नकाशाआधी घड्याळ बघा. मे महिन्यात सफारीचा पाहुणा पहाटे पाचच्या सुमारास जिप्सीत बसतो, दहाच्या मागेपुढे परततो आणि दुपारच्या फेरीला पुन्हा निघतो. म्हणजे तो घरात असतो तो वेळ नेमका भर उन्हाचा. तिकडचा नकाशा मिळेल तेवढं ऊन आत घ्यायला काढलेला असतो, तुम्हाला उलटं करायचं आहे.

घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे मोठ्या भिंती उत्तर-दक्षिणेला येतील. आपण साधारण २० अंश अक्षांशावर. मेच्या २०-२१ तारखेला आणि पुन्हा जुलैच्या २३च्या आसपास दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मधल्या दिवसांत तर किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला २ फुटी छज्जा पुरतो. खरा मार छताला, आणि तीननंतर पश्चिमेच्या टोकाला. तिथे काच लावली तर संध्याकाळी परतलेल्या माणसाला भट्टीत शिरल्यासारखं होईल.

४ इंची भिंती धरल्या तर आत ३९ फूट ४ इंच × ११ फूट ४ इंच मिळतात. पश्चिमेकडून सुरू करा: ५ फुटांची बाथरूमची पट्टी, साडेदहा फुटांची मोठी बेडरूम, १४ फुटांचा हॉल-किचन, शेवटी ९ फुटांची लहान बेडरूम. ३ इंची तीन पार्टिशनं धरून ३९ फूट ३ इंच होतात. बोळ मधून काढू नका. हॉलपासून बाथरूमपर्यंत, दक्षिणेच्या भिंतीला लागून पावणेतीन फुटी काढा. मोठी बेडरूम ८ फूट ४ इंच रुंद उरते, ५ फुटी पलंगाच्या दोन्ही बाजूंना २०-२० इंच. पलंगाचं डोकं बाथरूमच्या पार्टिशनला, पायथ्याशी ४ फूट राहतात त्यात दार आणि कपाट. बोळ आणि बाथरूम ऊन अंगावर घेतात, झोपायची खोली त्यांच्या आडोशाला राहते.

बेसिन बाथरूमच्या बाहेर, बोळाच्या टोकाशी. पहाटे साडेचारला सगळे एकदम उठतात, एक आत असला तरी दुसऱ्याचं तोंड धुऊन होतं. दुसरा संडास ओसरीच्या टोकाला काढा, साडेतीन × साडेचार फूट बास. ओसरी उत्तरेला ८ फुटी, तिच्या पायरीशी नळ आणि पाय धुवायला फरशी. जिप्सीची धूळ घेऊन माणूस सोफ्यावर बसला की कापडाचं काम संपलं. सोफ्याला धुता येतील अशा सुती खोळी शिवा.

पत्र्यावर_पत्रा
वरचा नकाशा बरोबर आहे, छताचं आणि भिंतीचं सांगतो.

केबिनच्या छतावर दीड फूट पोकळी सोडून पत्र्याचं दुसरं छत टाका, दोन्ही टोकं उघडी, चहूकडून २ फूट बाहेर. खालचं छत ८० मिमीचं पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम). पन्हाळ लावू नका. उन्हाळ्याच्या तोंडाशी सागाचा पाला झडून ती गच्च भरते आणि पहिल्या पावसाचं पाणी उलटं भिंतीत शिरतं. पागोळ्या सरळ गिट्टीच्या चरात पडू द्या. पत्र्याखालच्या आधाराच्या पट्ट्या एकमेकींपासून ३ फुटांपेक्षा लांब ठेवू नका, वानरं वरून उड्या मारतात.

व्हिनाइल वॉलपेपर रद्द करा. थंड देशात ओल आतून बाहेर जाते, म्हणून तिकडे वाफ अडवणारा थर आतल्या अंगाला असतो. इथे ऑगस्टात एसी लावला की बाहेरची दमट हवा सांध्यांतून भिंतीत शिरते आणि आतल्या गार बोर्डाच्या पाठीमागे तिचं पाणी होतं. वरून व्हिनाइल चिकटवलेलं, मग ते पाणी सुकणार कुठून? कागद जागच्या जागी राहतो, मागे काळी बुरशी आणि फुगलेला बोर्ड. पॅनेलचे सांधे बाहेरून सीलंटने बंद करा, आत साधा रंग.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाच्या भुशाचे बोर्ड) कूलरच्या हवेनेही फुगतात. किचन-बाथरूमला आयएस ७१० (पाण्याला टिकणारं मरीन) प्लायवूड, चौकटी सागाच्या.

कूलर की एसी? दोन्ही, पण एका खोलीत एकच. हॉलला कूलर. उत्तरेच्या भिंतीत २ × २ फुटांची चौकट आधीच ठेवून घ्या, स्टँड ओसरीच्या सावलीत. समोर दक्षिणेला किचन ओट्यावरची खिडकी उघडी हवी. हवा निघाली नाही तर तासाभरात चादरी चिकट होतात. शेगडी मात्र त्या रेषेत नको, ज्योत विझते. भर मेमध्ये कूलर तासाला १०-१२ लिटर पाणी पितो, टाकीचा हिशेब त्यावर करा. पावसाळा लागला की तो नुसता पंखा. बेडरूमना १-१ टनाचा इन्व्हर्टर एसी, खिडक्या घट्ट बंद होणाऱ्या.

गिट्टी_मुरूम
एसीचं ठीक, पण गावच्या लाइनवर स्टॅबिलायझरशिवाय नाही. लाइट गेल्यावर काय? ४ बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे आणि एलईडी मिळून २०० वॅटच्या घरात. १५० एएचची एक बॅटरी त्यांना ५-६ तास ओढते. एसी तिच्यावर टाकू नका. पंख्याची पाती जमिनीपासून साडेसात फुटांच्या वर राहिली पाहिजेत, म्हणून आतली उंची साडेआठ फूट मागा. कोणी साधा मालवाहू कंटेनर गळ्यात मारत असेल तर त्याची आतली उंची २.३९ मीटरच असते, हाय क्यूब म्हणजे उंच कंटेनरची २.६९.

काळ्या मातीकडे कोणी बघितलं नाही. उन्हाळ्यात ती फाटते, पावसाळ्यात फुगते. वीटकामाचे ठोकळे नुसते वर ठेवले तर एक वर येतो, एक खाली जातो, चासी पिळते. पहिलं लक्षण म्हणजे बाथरूमचं दार चौकटीत अडकतं, मग टाइलच्या रेघा फुटतात. प्रत्येक आधाराखाली काळी माती काढून कठीण मुरमापर्यंत जा. आत टाइल नको, एसपीसी (दगडाची भुकटी मिसळलेल्या प्लास्टिकच्या) फळ्या लावा, कडेने ८ मिमी सोडून. शॉवरखाली एकसंध एफआरपीचा (फायबरचा) ट्रे. केबिनखाली दोन-अडीच फूट मोकळं ठेवा, सापाउंदरांसाठी बारीक जाळी, वीट लावून बंद करू नका.

आणि १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. गाडीची कायदेशीर रुंदी २.६ मीटर, खेड्याचा एकेरी डांबरी रस्ता सहसा ३.७५. अख्खं घर आणाल तर जादा रुंदीच्या मालाची परवानगी लागेल आणि बाभळीच्या फांद्या पॅनेल ओरबाडतील. दोन ६ फुटी अर्ध्या भागांत आणून जागेवर जोडा. मधल्या सांध्यावर तो वरचा पत्रा आहेच.

बांधावरचा_साग
दादा, सगळं पटलं. पण पश्चिमेला बाथरूम म्हणजे तलाव दिसणारच नाही की!

ओसरी_आधी
दिसेल. ओसरी पश्चिमेच्या टोकाच्या पुढे ६ फूट न्या, तलाव बघायची जागा ती. तिच्या पश्चिम बाजूला वाळ्याच्या किंवा बांबूच्या तट्ट्या, गुंडाळता येतील अशा. तीनला सोडायच्या, सहाला वर. हॉलची उत्तरेची खिडकी ६ फुटी घ्या, तिचा काठ जमिनीपासून १५ इंचांवर, आणि बैठक हॉलच्या पूर्व टोकाला, तिथून तिरकं पाणी दिसतं. दार ३, खिडकी ६, कूलर २, मिळून ११ फूट, भिंत १४ची आहे. पाण्याची टाकी तेवढी पत्र्यावर चढवू नका, दुपारी शॉवरमधून उकळतं पाणी येतं. उत्तरेच्या सावलीत, पांढरी, छोट्या पंपावर.