शब्दचर्चा : ‘कल्पना’ डोक्यातली की हातातली?

दादर : ‘इमॅजिनेशन’ला नुसतं ‘कल्पना’ चालेल का? आणि ‘कॢप्ती’ याच घराण्यातली का?

गिरगाव : सख्खी बहीण. धातू ‘कृप्’. पाणिनीच्या ‘कृपो रो लः’ या सूत्राने ‘र’चा ‘ल’ होतो. मूळ अर्थ जुळणं, योग्य होणं. ‘कल्पयति’ म्हणजे मांडतो, घडवतो. संध्येतलं ‘धाता यथापूर्वमकल्पयत्’ आठवा. विधात्याने सूर्यचंद्र रचले, नुसते मनात आणले नाहीत. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘कल्पना सज्जना समे’ (दोन्ही शब्द समानार्थी) येतं ते हत्तीला साज चढवण्याबद्दल!

आयुर्वेदात तर कल्पना म्हणजे आजही औषध करायची रीत. जुना वैद्यकग्रंथकार शार्ङ्गधर याचा काढा : भरड द्रव्य १ भाग, पाणी १६ भाग, आठवा हिस्सा उरेपर्यंत मंद आचेवर आटवायचं. झाकण ठेवायचं नाही, काढा पचायला जड होतो म्हणे. ‘हिम’ म्हणजे न उकळता केलेलं औषध हवं तर सहापट गार पाण्यात रात्रभर भिजत. इतकी मोजूनमापून केलेली ‘कल्पना’!

इंग्रजी शब्द मात्र लॅटिन ‘इमागो’वरून आला, म्हणजे प्रतिमा. त्यांच्याकडे चित्र, आपल्याकडे रचना. प्रकल्प, अर्थसंकल्प हे शब्द म्हणूनच आपल्याला खटकत नाहीत.

पार्ले : दादरकर, नुसतं ‘कल्पना’ नको. ‘कल्पना सुचली’ म्हणजे आयडिया, ‘मला कल्पना नाही’ म्हणजे माहीत नाही, आणि ‘मेगाब्लॉकची आगाऊ कल्पना द्या’ यात तर निव्वळ सूचना. मनाची ताकद म्हणायची असेल तर ‘कल्पनाशक्ती’च लिहा. खरी फसगत विशेषणात होते. ‘कल्पक लेखिका’ला नवंनवं सुचतं, ‘काल्पनिक लेखिका’ मुळात अस्तित्वातच नसते. भाषांतरात हा घोळ सर्रास दिसतो.

दादर : मग ‘प्रतिभा’?

गिरगाव : ती काव्यशास्त्रातली, नवनिर्मितीची. चौथीतल्या मुलाच्या निबंधाला कल्पनाशक्ती पुरते, तिथे प्रतिभा कशाला खर्ची घालता?

पार्ले : जाता जाता, ‘कॢप्ती’ टंकताना ‘क’ला ‘ऌ’चं चिन्ह जोडायचं. बरेच जण अर्धा क, मग ल, मग ऋकार असं ‘क्लृप्ती’ करतात. दिसायला जवळपास तेच, पण संगणकाला अक्षरं वेगळी, त्यामुळे एक रूप शोधलं की दुसरं सापडत नाही. दोन्ही टाकून शोधा.