सालाझार फॅसिस्ट, सर्वंकष की नुसता हुकूमशहा?

मांडवीकाठ:
गोवामुक्तीवरच्या मराठी लिखाणात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला सरसकट 'फॅसिस्ट' म्हणतात. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत मात्र कुठे 'सर्वंकष', कुठे 'अधिकारशहा' असं सापडतं. हे तिन्ही एकच का? नसतील तर फरक कशावरून ओळखायचा?

जुनी फाईल:
एकच नाहीत. फॅसिझम ही विचारसरणी आणि चळवळ. सर्वंकष म्हणजे सत्ता माणसाच्या आयुष्यात किती खोल शिरते, त्याचं माप. म्हणून स्टालिन सर्वंकष, पण फॅसिस्ट नव्हे. अधिकारशहाला सत्ता हातात हवी असते, पण लोक गप्प राहिले की त्याला पुरतं.

'सर्वंकष' (टोटॅलिटेरियन) हा शब्द निघाला इटलीतच, तोही टीका म्हणून. १९२३ मध्ये जोव्हानी अमेंदोला या उदारमतवाद्याने तो फॅसिस्टांविरुद्ध वापरला. १९२५ मध्ये मुसोलिनीने तोच मिरवायला घेतला: सगळं राज्यात, राज्याबाहेर काही नाही, राज्याविरुद्ध काही नाही. त्याच वर्षी अमेंदोलाने फॅसिस्टांचा बेदम मार खाल्ला आणि १९२६ मध्ये तो गेला.

पण राजवट भाषणावरून मापू नये. इटलीत राजा शाबूत होता, पोपशी झालेल्या १९२९ च्या कराराने चर्चही. ५ जानेवारी १९२७ च्या परिपत्रकात मुसोलिनीनेच प्रीफेक्टला (आपला कलेक्टर समजा) पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्याच्या वर बसवलं. जर्मनीत उलट, पक्ष सरकारी यंत्रणेच्या डोक्यावर चढत गेला. परिणाम बघा: २५ जुलै १९४३ ला राजाने मुसोलिनीला सरळ काढून टाकलं. हिटलरला काढू शकेल असं वर कुणी उरलंच नव्हतं.

कोपरखळी:
फॅसिझम म्हणजे चळवळ, तर सालाझारकडे ती चळवळच नव्हती. अर्थशास्त्राचा प्राध्यापक, १९२८ ला अर्थमंत्री, १९३२ ला पंतप्रधान. त्याचा पक्षही १९३० मध्ये सरकारनेच वरून काढलेला. पोर्तुगालचे खरे फॅसिस्ट म्हणजे रोलाँव प्रेतोचे निळे सदरेवाले. त्यांच्यावर सालाझारने १९३४ मध्ये बंदी घातली! मुसोलिनीला माणसं चौकात घोषणा देताना हवी होती, सालाझारला घरात गप्प. १९३३ च्या संविधानाच्या सार्वमतात मतदानाला न आलेल्यांची मतंही 'हो' धरली, यातच सगळं आलं.

सांतेर:
इतकं सोपं नाही. १९३६ मध्ये त्याने शाळकरी पोरांची 'मोसिदाद' ही संघटना काढली: हिरवे सदरे, हात उंचावून सलाम, पट्ट्याच्या बकलवर 'एस'. अधिकृत अर्थ 'सेवा', पण पोरं काय वाचत असतील ते सांगायला नको. फॅसिस्ट साज घातलेली अधिकारशाही म्हणा हवं तर.

जुनी फाईल:
@सांतेर, मान्य. फक्त 'कमी सर्वंकष' म्हणजे 'कमी जाचक' असं कुणी वाचू नये. गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरकडे जायची. १८ जून १९४६ ला मडगावात लोहिया बोलायला उभे राहिले आणि पकडले गेले. गोवामुक्तीचे पुढारी टी. बी. कुन्हांना त्याच वर्षी लष्करी न्यायालयाने आठ वर्षं ठोठावली आणि पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात नेऊन कोंडलं.