सिगरेट सोडायला व्हेप (ई-सिगरेट) घेतलाय, फ्लेवर कुठला घ्यावा? टोबॅको की फळांचा?

लेस्टरचा_बंड्या
नमस्कार मंडळी. पुण्यात होतो तोवर चहाबरोबर एखादी असायची, इकडे इंग्लंडात आल्यावर वाढतच गेली, पाकीट १५ पौंडांच्या वर गेलंय तरी सुटेना. वापरून फेकायचे डिस्पोजेबल व्हेप १ जून २०२५ पासून बंदच झालेत, म्हणून पुन्हा लिक्विड भरायचा छोटा पॉड-व्हेप घेतला आणि फ्लेवर टोबॅको, म्हटलं चव ओळखीची असली की बरं. पण कसलं काय, ओल्या पुठ्ठ्यावर कॅरॅमल ओतल्यासारखं लागतं आणि दोन झुरके मारले की खऱ्या सिगरेटचीच आठवण येते, मग जेवण झालं की खाली जाऊन एक ओढून येतो. ऑफिसातला एकजण म्हणतो आंबा घे, मिंट घे. चाळिशीत आंब्याचा धूर सोडत फिरायचं म्हणजे जरा कसंतरीच वाटतं हो. खरंच फरक पडतो का?

धूरमुक्त_नाना
बंड्या, पडतो. टोबॅको फ्लेवर सिगरेटसारखा लागणारच नाही कारण आत काही जळतच नाहीये. पीजी, व्हीजी (वाफ होणारी दोन द्रव्यं), निकोटीन आणि वास, संपलं. सिगरेटची जी चव म्हणतोस ती जळलेल्या पानाची आणि टारची. त्यामुळे प्रत्येक झुरक्याला डोकं तुलना करतं आणि व्हेप दरवेळी हरतो. मी मेन्थॉलवर गेलो, मग ब्लूबेरी वगैरे, त्यात तुलना करायला काही उरलंच नाही, आणि नाकाला वास परत यायला लागला तशी एका लग्नात कोणीतरी दिलेली सिगरेट अर्धीसुद्धा ओढवली नाही, बायको म्हणाली तोंड बघ आरशात. कसंतरी वाटायचं म्हणशील तर सिगरेटच्या वासाने लिफ्टमधे लोक बाजूला सरकतात ते आधी आठव.
पण आधी हे सांग, बाटलीवर निकोटीन मिलीला किती मिलिग्रॅम लिहिलंय?

लेस्टरचा_बंड्या
६ लिहिलंय. दुकानदाराने दिलं ते घेतलं.

धूरमुक्त_नाना
अरे मग फ्लेवरला कशाला शिव्या देतोस! दिवसाला पाकीट ओढणाऱ्याला छोट्या पॉडमधे ६ पुरतच नाही. इथे कायद्याने २० पर्यंत मिळतं, निकोटीन सॉल्टवालं लिक्विड घे, निकोटीनचाच सौम्य प्रकार, घशाला टोचत नाही. सिगरेटसारखं फटाफट ओढू नको, सावकाश लांब ओढ. जेवणानंतरची सिगरेट सुटत नाही ती निकोटीन कमी पडतं म्हणून, चव नंतरची गोष्ट.

वॉर्डातली_ताई
मी इथे हॉस्पिटलात काम करते, तर जरा दुसरी बाजू. इथल्या एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) सिगरेट-सोडा केंद्रांमधे ८८६ लोकांवर एक ट्रायल झाली होती, २०१९ ला छापून आली. वर्षभराने सिगरेट सुटलेले व्हेपवाल्या गटात १८ टक्के, निकोटीनचे पॅच-गम वगैरे घेणाऱ्यांत ९.९. सुरुवातीला हातात टोबॅको फ्लेवरच दिला होता आणि सांगितलं होतं की पुढे आपल्या आवडीचा फ्लेवर, आवडीची स्ट्रेंग्थ शोधा. म्हणजे नानांचं म्हणणं अगदी हवेतलं नाही, पण ती ट्रायल फ्लेवर तपासायला नव्हती हेही लक्षात घ्या. आणि मला खटकतं ते पुढे आहे, व्हेपने ज्यांची सिगरेट सुटली त्यातले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते! चव आवडली की हातातून सुटत नाही ना. शाळेतल्या पोरांनाही तीच चव ओढते, म्हणून नेदरलँड्सने १ जानेवारी २०२४ पासून टोबॅको सोडून बाकी सगळे फ्लेवर बंद केले. बंड्यादादा, तुम्ही सिगरेट ओढताय म्हणून मिंट घ्या म्हणते, न ओढणाऱ्याला मी हातसुद्धा लावू देणार नाही. आणि सिगरेट पूर्ण बंद झाली की मिलिग्रॅम हळूहळू उतरवा. दोन्ही चालू ठेवलंत तर फायदा फारसा नाही.

मेलबर्नकर
आमच्याकडे निवडायचा प्रश्नच नाही 😄 १ जुलै २०२४ पासून व्हेप फक्त फार्मसीत, फ्लेवर तीनच, मिंट, मेन्थॉल, टोबॅको. मी मिंटवर सुटलो. माझा मित्र मात्र फळवालाच पाहिजे म्हणून चोरून विकणाऱ्यांकडून घेतो, त्यात काय भरलंय देव जाणे. सगळं बंद केलं की हे असं होतं, ताई.

वॉर्डातली_ताई
आणि सगळं उघडं ठेवलं की आठवीतली पोरं बाथरूममधे सापडतात. दोन्हीकडून डोकेदुखी आहे, मान्य.

कोथरूडकर
एक राहिलं. बंड्या, दिवाळीला घरी येणार असशील तर व्हेप तिकडेच ठेवून ये. २०१९ च्या कायद्याने भारतात आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळ्याला बंदी आहे, आयात-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बॅगेत सापडला तर कस्टमवाल्यांशी हुज्जत कोण घालणार. आणि गंमत बघा, सिगरेट मात्र कोपऱ्यावरच्या टपरीवर सुटी मिळते. इथे आलास की निकोटीन गम चघळ, मेडिकलमधे मिळतो, त्यातही मिंट आहेच.

लेस्टरचा_बंड्या
सगळ्यांचे आभार. २० ची मिंट सॉल्ट आणली, दुपारी जेवण झाल्यावर खाली गेलो नाही, निदान आज तरी. आंबा पण घेतलाय एक, कोणाला सांगू नका. फक्त आंब्याने कॉइल (आतली लिक्विड तापवणारी तार) लवकर काळी पडते का हो?

धूरमुक्त_नाना
पडते. गोड लिक्विडमधे बऱ्याचदा सुक्रालोज (कृत्रिम साखर) असतं ते कॉइलवर चिकटून जळतं. जळका वास आला की लगेच बदल, ओढत बसू नको. आणि नवीन कॉइल टाकलीस की लिक्विड भरून दहा मिनिटं तशीच ठेव, नाहीतर पहिल्याच झुरक्याला कॉइलमधला कोरडा कापूस जळेल.