मदत हवी आहे: मुलागो रुग्णालयाचे जुने शवविच्छेदन अहवाल

नमस्कार मंडळी. मी पॅथॉलॉजीची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. युगांडातल्या कंपालाच्या मुलागो रुग्णालयात शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांना लहान मुलांच्या जबड्यात भराभर वाढणाऱ्या कर्करोगाच्या गाठी दिसल्या. १९५८ मध्ये त्यांनी ३८ मुलांवरचा लेख छापला. अशा मुलांच्या मूत्रपिंडांत, यकृतात, अंडाशयांतही गाठी असतात हे शवविच्छेदनांत दिसलं, आणि मला नेमकं तेच काम वाचायचंय. बर्किटांचं नाव सगळे घेतात, शवविच्छेदन करणाऱ्यांचं फारसं कुणी घेत नाही, याची मला फार खंत वाटते.

मुलागोशी जोडलेल्या मकेरेरे विद्यापीठात कुणी शिकलंय किंवा शिकवलंय का? त्या काळचे अहवाल पाहायची परवानगी कुणाकडे मागायची? नैतिकता समितीची मंजुरी आधी इथली लागते की तिथली? माहीत असेल त्यांनी कृपया सांगा.